आठ चौकांचा वाडा आणि हॉटेलातली खोली

हिंदी सिनेमातली महागडी कॉलगर्ल डोळ्यांसमोर आणायला फार आठवावं लागत नाही. पंचतारांकित हॉटेलातला लांबलचक कॉरिडॉर, लिफ्टच्या आरशात लिपस्टिक नीट करणारी बाई, दारावरची टकटक, आत खिडकीकडे तोंड करून उभा असलेला सुटातला माणूस, टेबलावर जाडजूड पाकीट. पुढच्या दृश्यात ती अंगावरच्या कपड्यांनिशी शॉवरखाली बसलेली असते. चित्रपट संपेपर्यंत तिला मरण तरी येतं, नाहीतर कुणी मोठ्या मनाचा पुरुष तिच्याशी लग्न तरी करतो. नट्या बदलल्या, कॅमेरे बदलले, ही खोली मात्र तशीच राहिली. तिची कुळकथा सांगायची तर सुरुवात एका वाड्यापासून करावी लागते.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकातला हा वाडा. नाटक दीड हजार वर्षांहून जुनं आहे. चौथ्या अंकात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय उज्जयिनीतल्या वसंतसेना गणिकेच्या घरी जातो आणि एकामागून एक आठ चौक ओलांडत आत शिरतो. दुसऱ्या चौकात शिंगांना तेल लावलेले बैल उभे आहेत, झुंजून आलेल्या एडक्याची मान कुणी चोळतंय, माहूत हत्तीला तेलातल्या भाताचे गोळे भरवतायत. पुढे जुगाराच्या पाटाजवळ कुणाची तरी अर्धी वाचलेली पोथी तशीच पडलीय. चौथ्या चौकात मुलींना गाणं, नाच आणि नाटकाचे पाठ शिकवले जातात. पाचवा चौक मुदपाकखान्याचा. तिथला हिंगा-तेलाचा वास मैत्रेयाच्या नाकात शिरतो आणि उपाशी ब्राह्मणाची अवस्था कठीण होते. सहाव्यात सोनार आणि जडजवाहिरांचे कारागीर बसलेत, केशर वाळत घातलंय, चंदन उगाळलं जातंय. सातव्यात पक्षी. आठव्यात रेशमी कपड्यांतला वसंतसेनेचा भाऊ आणि फुलांच्या नक्षीचं वस्त्र पांघरलेली, चौथिया तापाने त्रासलेली तिची जाडजूड आई.

एवढं सगळं पाहून झाल्यावर मैत्रेयाला वसंतसेना बागेत भेटते. म्हणजे बाई दिसायच्या आधी तिचा प्रपंच दिसतो. किती माणसं तिच्या जिवावर जेवतात, कोण कुणाला शिकवतं, पैसा कुठून येतो आणि कुठे जिरतो, हे सगळं प्रेक्षकाला आधी कळतं. रंगमंचावर आठ चौक उभे करणं शक्य नव्हतं, म्हणून नाटककाराने ते मैत्रेयाच्या तोंडून ऐकवले. सिनेमाला ते दाखवणं सहज शक्य होतं, आणि नेमके तेच त्याने गाळले. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे.

शूद्रकाने हा वाडा हवेत बांधला नव्हता. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त गणिकाध्यक्ष नावाचा सरकारी अधिकारी आहे. गणिकेला व्यवसाय मांडण्यासाठी राज्याकडून हजार पण मिळत आणि तिला मोकळं व्हायचं असेल तर चोवीस हजार पण भरावे लागत. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'चं सहावं अधिकरण गणिकांच्या व्यवहाराला वाहिलेलं आहे. दत्तकाने पाटलिपुत्राच्या गणिकांच्या विनंतीवरून या विषयावर ग्रंथ लिहिला, असं वात्स्यायन सांगतो. यात फार मोठं स्वातंत्र्य होतं असा माझा दावा नाही. चोवीस हजारांचा आकडाच सांगतो की दार बाहेरून लावलेलं होतं. पण ती बाई हिशेबात होती, करात होती, कायद्यात होती.

आणि हा पैसा येत कुठून होता, हे आम्हा मुरबाडकरांना वेगळं सांगायला नको. वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाट चढून गेलं की सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा लेख असलेली गुहा लागते, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही तिथे उभा आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने बैलांच्या पाठीवरून जुन्नरकडे चढत असे. अशा तांड्यांना सार्थ म्हणत आणि त्यांच्या म्होरक्याला सार्थवाह. 'मृच्छकटिका'चा नायक चारुदत्त जातीने ब्राह्मण, पेशाने सार्थवाहच. दानधर्मात कंगाल झालेला. गणिकेचा वाडा व्यापाराच्या वाटेवर उभा राहतो, हे शूद्रकाला ठाऊक होतं.

या वाड्याची मालकीण वागते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. राजाचा मेहुणा शकार दहा हजारांचे दागिने आणि गाडी पाठवतो. आई निरोप देते, जा. ती नकार देते. मदनिका नावाच्या आपल्या दासीचं एका पुरुषावर प्रेम आहे हे कळल्यावर ती तिला एक कवडीही न घेता मोकळं करते. शकार तिचा गळा आवळतो, पण ती मरत नाही, आणि शेवटी नवा राजा तिला 'वधू' ही पदवी देतो. गोविंद बल्लाळ देवलांनी 1887 साली हे नाटक मराठीत आणलं, पुढे बालगंधर्वांनी वसंतसेना गाजवली. त्याच देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधली रेवती नायकिणीची मुलगी आहे, आणि अश्विनशेट तिच्याशी लग्न करतो ते नाटकभर कुणीही न मरता. मराठी रंगभूमीला ही बाई हसतीखेळती चालत होती.

मग सिनेमा आला. 1912 साली 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळके तारामती शोधत होते. घरंदाज बायका तयार होईनात, म्हणून ते नाचगाण्याच्या पेशातल्या बायकांकडे गेले. त्यांनीही नकार दिला. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी तारामती केली आणि 3 मे 1913 रोजी चित्रपट लागला. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पण तो पहिला नकार मला महत्त्वाचा वाटतो. ज्यांची कथा सिनेमा पुढे शंभर वर्षं सांगणार होता, त्या बायका त्याच्या दारातून आत आल्याच नव्हत्या. पुढे त्यांच्या घराण्यांतल्या मुली नट्या झाल्या, पण पटकथा त्यांच्या हातात आल्या नाहीत.

मरणाचा शेवट फ्रान्सहून आला. अलेक्सांद्र द्यूमा (धाकटे) यांनी 1848 साली अशाच एका बाईवर कादंबरी लिहिली. तिच्या नायिकेमागे मारी द्युप्लेसी ही खरी बाई होती, जी 1847 साली 23 व्या वर्षी क्षयाने गेली. कादंबरीची सुरुवात तिच्या घरातल्या सामानाच्या लिलावाने होते. म्हणजे तिथेही हिशेब होता, सावकार होते. 1853 साली व्हेर्दीने त्यावर 'ला त्राव्हियाता' हा ऑपेरा रचला, 1936 साली ग्रेटा गार्बोने 'कॅमिल' केला, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो खोकला. अमेरिकेत 1934 पासून स्टुडिओंची आचारसंहिता कडक झाली होती: पापाला पडद्यावर शिक्षा झालीच पाहिजे. आपल्याकडे सेन्सॉर होताच, आणि सुधारकी मनही होतं. नाच हवा, बाई हवी, पण ती शेवटी राहता कामा नये.

या सगळ्यात मराठीत एक वेगळं पाऊल पडलं. 1935 च्या 'देवदास'ने देशभर तरुणांना रडवलं होतं. व्ही. शांतारामांना ते रडणं पटलं नाही. 1939 साली त्यांनी प्रभात कंपनीतर्फे 'माणूस' काढला. त्याचं हिंदी रूप 'आदमी'. शाहू मोडकांचा पोलीस शिपाई गणपत आणि शांता हुबळीकरांची कोठ्यावरची मैना. मैनाचा मामा तिच्या कमाईवर जगतो आणि तिला सोडत नाही. गणपत तिला आपल्या आईकडे नेतो, पण त्या साध्या घरात तिचा जीव टिकत नाही. शेवटी ती मामाला मारते आणि जन्मठेपेवर जाते. गणपतला सुटकेचा मार्ग काढू देत नाही. तो कोसळतो, आणि पुन्हा कामावर उभा राहतो. मैनाला शिक्षा झालीच, हे खरं. पण मामा दिसला. तिच्या पैशाचा वाटेकरी कोण, हे पडद्यावर आलं. वसंतसेनेच्या वाड्यातला निदान एक चौक प्रभातने उघडा ठेवला.

1970 साली बी. आर. इशारा यांच्या 'चेतना'ने कोठा काढून टाकला आणि आधुनिक कॉलगर्ल आणली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेली रेहाना सुलतान त्या सीमाच्या भूमिकेत होती. सीमा दारू पिते, मोकळं बोलते, धंद्याची लाज बाळगत नाही. इतकं धीट पात्र लिहिणाऱ्यालाही शेवटी तिच्या हातून आत्महत्याच घडवावी लागली. त्याच वर्षीच्या 'दस्तक'साठी रेहाना सुलतानला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी पुढे तिला तशाच भूमिका विचारल्या गेल्या. पात्राची शिक्षा नटीलाही भोगावी लागली, हे मला आजही बोचतं.

2007 च्या 'लागा चुनरी में दाग'मध्ये राणी मुखर्जीची बनारसची बडकी मुंबईत येऊन नताशा होते. आईला कळतं, वडिलांना कळू दिलं जात नाही, आणि घरी पैसे पोचत राहतात. इथे पुन्हा वाड्याचा एक चौक होता: जे कुटुंब तिच्या पैशावर उभं राहतं, त्याचं काय? चित्रपट त्याला स्पर्श करतो आणि घाईने लग्नाकडे वळतो. त्याआधी 1984 साली शशी कपूर यांनी निर्मिलेल्या, गिरीश कारनाडांच्या 'उत्सव'ने थेट 'मृच्छकटिक'च घेतलं, रेखाला वसंतसेना केलं. देखणा चित्रपट. पण लोकांच्या डोळ्यांत राहिले ते दागिने.

शहापूर-मुरबाडच्या माणसाला हॉटेलातल्या त्या खोलीचा विचार करताना आणखी एक गोष्ट दिसते. मुंबईच्या ज्या हॉटेलांत हे प्रसंग घडतात, त्यांच्या नळाला शहराचं पाणी येतं, आणि ते पाणी तानसा-भातसाचं, म्हणजे शहापूर तालुक्यातल्या धरणांचं असतं. त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. शहरातल्या हॉटेलांत चादरी बदलायला, भांडी घासायला, भाजी चिरायला माणसं कसारा लोकलनेही जातात. शूद्रकाने मुदपाकखान्यातला पोऱ्या दाखवला होता. सिनेमाच्या खोलीत चादर आपोआप पांढरी होते.

आमच्या भागात कमावती बाई कशी असते हे जत्रेत दिसतं. पौष पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा भरते. बैलबाजार, घोंगड्या, आणि तमाशाचे फड. माळशेज चढून आळेफाट्यावरून नारायणगावला गेलं की फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावकारभारी तिथे सुपारी द्यायला जातात. फडातल्या बाईने हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तिला फड सोडता येत नाही. कनातीमागे ट्रकच्या आडोशाला तिचं पोर झोपलेलं असतं आणि पलीकडे चुलीवर भात शिजत असतो. ती कलावंत आहे, एस्कॉर्ट नव्हे. दोघींना एकाच पोत्यात घालण्याचं काम तमाशापटांनी केलं आणि त्याचा त्रास फडातल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या सोसला. जत्रांमधून तमाशाच्या कनातीशेजारी तंबूतला सिनेमा लागायचा. एकीकडे काम करणारी बाई, दुसरीकडे पडद्यावर तिचं पाप. एकाच रात्री दोन्ही पाहणाऱ्या प्रेक्षकाला फरक कळत नसेल असं मला वाटत नाही.

हिशेब पडद्यावर परत येऊ लागलाय तो बाहेरून. 1990 च्या 'प्रिटी वुमन'मध्ये आठवड्याभराचा सौदा तीन हजार डॉलरवर ठरतो, पण पुढे परीकथा सुरू होते. शॉन बेकरच्या 'अनोरा'ने 2024 साली कान चित्रपट महोत्सवात पाम दोर पुरस्कार आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवलं. त्यातली मुलगी पंधरा हजार डॉलर मागते आणि घासाघीस करते. तिची लाज काढायला कॅमेरा थांबत नाही. कानमधला पुरस्कार बेकरने आजवरच्या आणि पुढच्याही सर्व सेक्स वर्कर्सना अर्पण केला.

आपल्या न्यायालयांनी तर पटकथाकारांना मागे टाकलंय. मुंबईतल्या मालाडच्या एका प्रकरणात तीन सज्ञान तरुणींना 'सुटके'नंतर महिलागृहात ठेवण्याचा आदेश झाला होता. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला: सज्ञान बाईला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे, अनैतिक व्यापाराविरुद्धच्या 1956 च्या कायद्याने वेश्याव्यवसाय स्वतः गुन्हा ठरत नाही, तिला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेक्स वर्कर्सशी पोलिसांनी सन्मानाने वागावं असे निर्देश दिले. त्या तिघींच्या गोष्टीत सुटका करणारे पोलीस आहेत, दंडाधिकारी आहेत, आयांनी केलेले अर्ज आहेत, आणि शेवटी स्वतःच्या पायांनी बाहेर पडणाऱ्या तीन बायका आहेत. त्यांच्यावर मराठीत चित्रपट काढायचा तर शेवट नव्याने लिहावा लागेल.