बोरूची पारख : ओबो आणि बासूनच्या आवाजाचा हरवलेला अर्धा भाग

१/ युरोपातल्या संग्रहालयांत सतराव्या-अठराव्या शतकांतले ओबो आजही काचेमागे पाहायला मिळतात. लाकूड शाबूत, पितळी चाव्या शाबूत, कारागिराचा ठसाही वाचता येतो. तरीही ती वाद्ये त्यांच्या काळी नेमकी कशी वाजत, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ओबोचा स्वर उमटतो तो तोंडाशी धरलेल्या गवताच्या दोन पात्यांतून, आणि ती पातीच काळाच्या ओघात नाहीशी झाली आहेत. आजचा धागा या पात्यांविषयी आणि ती ज्यातून निघतात त्या गवताची पारख करणाऱ्या माणसांविषयी.

२/ ज्यांनी सनईची पत्ती जवळून पाहिली आहे त्यांना ही रचना लगेच कळेल. दोन पातळ पाती एकमेकांवर टेकलेली, मध्ये बारीक फट. फुंकर गेली की ती फट सेकंदाला शेकडो वेळा मिटते आणि उघडते. ओबो आणि त्याचा खर्जातला थोरला भाऊ बासून, दोघेही याच कुळातले. तिकडे या पत्तीला रीड म्हणतात. रीड नाशिवंत असते. नीट जमलेली रीड काही आठवडे साथ देते, मग मऊ पडते आणि फेकली जाते. वाद्य मुलाला वारसा म्हणून देता येते, झिजलेली रीड कोण जपून ठेवणार? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीच्या ओबोच्या रीड्स म्हणूनच जवळजवळ सापडत नाहीत.

३/ रीड ज्यापासून करतात त्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. हा वेत नव्हे आणि बांबूही नव्हे. पेरापेरांनी वाढणारे, आतून पोकळ, सहा मीटरपर्यंत आणि कधी त्याहूनही उंच जाणारे हे गवत आहे. आपल्याकडे लेखणीसाठी जो बोरू वापरत, त्या प्रकारची ही नळी असल्याने पुढे तिला बोरूच म्हणू.

४/ या वनस्पतीची एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यावर उभा आहे. हा बोरू फुलतो, पण रुजणारे बी धरत नाही. जमिनीतल्या आडव्या खोडाचा तुकडा वाहून गेला की तिथे नवे बेट उभे राहते. त्यामुळे भूमध्य समुद्राभोवतीची बेटे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखी आहेत. वाण तोच असूनही एका खोऱ्यातला बोरू गातो आणि शेजारच्या खोऱ्यातला घोगरा निघतो. मग फरक कुठून येतो? जागा, त्या सालचे पाणी, तोडणीची वेळ, वाळवण आणि अखेरीस पारखणारा हात.

५/ हा प्रश्न किती जुना आहे ते पाहण्यासाठी इ. स. पू. चौथ्या शतकातल्या ग्रीसमध्ये जाऊ. ॲरिस्टॉटलचा शिष्य आणि त्याच्यामागे त्याची शाळा चालवणारा थिओफ्रास्टस याने वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या चौथ्या भागात तो बिओशिया प्रांतातल्या ऑर्कोमेनसजवळच्या तळ्यावर, म्हणजे कोपाइसवर, येतो आणि तिथल्या बोरूविषयी बारकाईने लिहू लागतो. निमित्त होते ऑलोस. एक वादक दोन नळ्या एकाच वेळी तोंडाशी धरून वाजवत असे, आणि प्रत्येक नळीला स्वतःची रीड असे. (ऑलोस हा ओबोचा थेट पूर्वज नव्हे. पण दोघांची अडचण एकच होती.)

६/ थिओफ्रास्टस सांगतो ते असे. तळ्याला मोठे पाणी आले आणि ते दोन वर्षे टिकले तरच रीडजोगा जाड बोरू तयार होतो. पाणी लवकर ओसरले तर बारीक, दुसऱ्या कामाचा निघतो. दर नऊ वर्षांनी असा बोरू येतो, अशी लोकांची समजूत होती, पण थिओफ्रास्टसचा रोख पावसावर आहे. तिथल्या लोकांनी त्याला चांगल्या बोरूचा एक काळ नेमका सांगितला : खायरोनियाच्या वेळचा. खायरोनिया म्हणजे इ. स. पू. ३३८ ची लढाई, जिथे मॅसिडोनियाच्या फिलिपने थीब्ज आणि अथेन्स यांचा एकत्र पराभव केला. आपण तिला ग्रीक नगरराज्यांच्या स्वातंत्र्याचा शेवट म्हणून वाचतो. तळ्याकाठच्या माणसांना ते साल पाणी टिकल्याचे म्हणूनही आठवत होते.

७/ पुढचे त्याहून मोलाचे आहे. पूर्वी, वादन साधे होते तेव्हा, बोरू सप्टेंबरच्या सुमारास तोडत. तो वापरण्याजोगा व्हायला बरीच वर्षे लागत, आणि झाल्यावरही तो खूप वाजवून मुरवावा लागे. मग थीब्जचा अँटिजेनिडास हा गाजलेला वादक आला, वादनात नक्षी आली, स्वर वळवण्याची हौस आली. तेव्हा तोडणीचा महिनाच बदलला. बोरू आता उन्हाळ्यात, सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास तोडू लागले. तो तीन वर्षांत तयार होई आणि थोडक्यात वश होई.

८/ हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. संगीताची आवड बदलली म्हणून शेतातली कापणी हलली! अँटिजेनिडासच्या संगीताचा एकही स्वर आज ऐकता येत नाही, पण त्याने काय बदलले याची खूण तोडणीच्या पंचांगात राहून गेली. संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा रागदारी, स्वरलेखन, राजाश्रय शोधतात. एका वनस्पतिशास्त्रज्ञाने तो गवतात नोंदवून ठेवला होता.

९/ पारखही त्याने दिली आहे. तोडलेला बोरू हिवाळाभर सालीसकट उघड्यावर ठेवायचा, वसंतात सोलून, घासून उन्हात टाकायचा, उन्हाळ्यात कांडी करायची. शेंड्याकडच्या कांड्याची रीड फार मऊ होते, मुळाकडच्याची फार कठीण, मधले कांडे उत्तम. आणि दोन्ही नळ्यांच्या रीड्स एकाच कांड्यातून निघाल्या पाहिजेत, नाहीतर त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मुळाकडचा अर्धा डाव्या नळीला, शेंड्याकडचा उजव्या. आज कोणत्याही ओबोवादकाला हे वाचून दाखवा, डाव्या-उजव्याचा भाग सोडता तो मान डोलावेल.

१०/ आता सुमारे दोन हजार वर्षे पुढे, फ्रान्समध्ये. सतराव्या शतकाच्या मध्यास चौदाव्या लुईच्या दरबारी वादकांनी जुन्या शॉम या वाद्यातून ओबो घडवला. या कामाचे श्रेय बहुधा ओत्तेतेर आणि फिलिदोर या घराण्यांना दिले जाते. शॉम हा सनईचा पाश्चात्य भाऊबंद : मैदानात, मिरवणुकीत वाजणारा, खणखणीत. त्याच्या रीडभोवती लाकडी चकती असे आणि वादकाचे ओठ तिच्यावर टेकत. ओबोत ती चकती गेली आणि रीड थेट ओठांत आली. ओठांच्या किंचित दाबाने स्वर चढवावा, उतरवावा, विझवत न्यावा, अशी अपेक्षा निर्माण झाली. म्हणजे अँटिजेनिडासची गोष्ट पुन्हा घडली. आवड बदलली आणि तिचा भार गवतावर पडला. लंडनमध्ये १६९५ साली निघालेल्या ‘द स्प्राइटली कंपॅनियन’ या ओबोच्या पुस्तिकेने ग्वाही दिली आहे की रीड चांगली असेल तर हे वाद्य फ्लूटइतकेच सहज आणि मृदू वाजते. सगळी मेख त्या ‘असेल तर’ मध्ये आहे.

११/ हा बोरू येई कुठून? पुढे ज्या भागाचे नाव सर्वतोमुखी झाले तो म्हणजे दक्षिण फ्रान्सचा वार प्रांत : फ्रेझ्यूस, कोगोलँ, इएर यांच्या आसपासची किनारपट्टी. तिथे तोडणी हिवाळ्यात, रस मंदावलेला असताना होते. पहिल्या वर्षाचा दांडा कोवळा म्हणून सोडतात, दुसरा उन्हाळा पाहिलेला घेतात. मग दांडे शंकूसारखे एकमेकांना टेकवून उभे वाळवतात, पुढे उन्हात आडवे पसरून फिरवत राहतात. हिरवा रंग उतरून सोनेरी येतो. त्यानंतर कोठारात एक-दोन वर्षे, कधी अधिक. थिओफ्रास्टसच्या उन्हाळी तोडणीशी हे जुळत नाही, पण मुरवण्यासाठी वर्षे मोजणे तेच आहे.

१२/ वादकाच्या हाती नळी येते तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. ओबोसाठी नळीचा व्यास सुमारे १० ते ११ मिलिमीटर लागतो, बासूनसाठी २४ ते २६. ओबोची नळी उभी चिरून तीन फाका करतात, बासूनची चार. व्यासातला अर्धा मिलिमीटरही महत्त्वाचा असतो : नळी बारीक असेल तर फाकेची कमान अधिक, आणि रीडचे तोंड अधिक उघडे. त्यानंतर फाक आतून कोरायची. ओबोची मध्यभागी सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीची ठेवतात, बासूनची तिच्या दुपटीहून थोडी जास्त. मग ती मधोमध दुमडायची, आकार द्यायचा, बांधायची. ओबोची रीड बूच लावलेल्या धातूच्या नळीवर दोऱ्याने आवळतात. बासूनच्या रीडला अशी नळी नसते, बोरूच तारांनी आवळून गोल केलेला असतो. शेवटी दुमड कापून टोक तासत जायचे, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ होईपर्यंत.

१३/ पारखीच्या खुणा मात्र मोजपट्टीत मावत नाहीत. रंग हिरवट असेल तर वाळवण कच्चे, करडा असेल तर दांडा उभ्या उभ्याच जुनाट झालेला. सोनेरीवर तपकिरी ठिपके असले तरी हरकत नाही. फाक सरळ हवी, कारण वाकडीची दोन पाती सारखी मिटत नाहीत. कोरलेल्या बाजूवर नख दाबून पाहतात : खोल रुतले तर मऊ, उमटलेच नाही तर दगडी. हलकेच पिळून पाहतात. टेबलावर टाकून आवाज ऐकतात : उंच आणि टणत्कारी म्हणजे कठीण, बसका म्हणजे मऊ. काही जण पाण्यात टाकून कोणती फाक तरंगते आणि कोणती बुडते ते पाहतात. कुंभाराच्या मडक्यावर टिचकी मारणाऱ्या आपल्या आजीची आठवण व्हावी असे हे सारे आहे. फरक एवढाच की मडके पहिल्या टिचकीला खरे बोलते, बोरू कधी कधी सगळ्या परीक्षा पास होऊन वाजताना दगा देतो.

१४/ ही विद्या बराच काळ तोंडी होती. अठराव्या शतकात रीड विकणारे कारागीर होते. लंडनच्या टॉमस लिंग यांच्या नावाचा ठसा असलेल्या रीड्स अजून शिल्लक आहेत. पण क्रांतीनंतर पॅरिसमध्ये सरकारी संगीतशाळा उभी राहिली, शेकडो विद्यार्थ्यांना छापील पुस्तके लागली, आणि गुरूच्या खोलीतली गोष्ट कागदावर आली. एतिएन ओझी यांच्या १८०३ च्या बासूनच्या पाठ्यपुस्तकात रीड बनवण्यावर स्वतंत्र भाग आहे. पुढे ओबोवादक आँरी ब्रो (१७९९–१८३९) यांनी फाक कोरण्याचे यंत्र केले, आणि जी जाडी आजवर छिन्नी व अंगठा ठरवत होते ती यंत्राच्या पात्यावर आली. आज जुन्या वाद्यांच्या प्रतिकृती वाजवणारे वादक याच पुस्तकांतली मापे आणि तत्कालीन चित्रे यांवरून रीड बेततात. बाखच्या काळासाठी मात्र एवढाही आधार नाही. तिथे चित्रे, वाद्याच्या वरच्या छिद्राचा आकार आणि तर्क.

१५/ एकाच बोरूतून किती भिन्न आवाज काढता येतात याचे ठळक उदाहरण मार्सेल ताब्युतो. जन्म फ्रान्समध्ये १८८७ साली, शिक्षण पॅरिसमध्ये, आणि १९१५ ते १९५४ फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात प्रमुख ओबोवादक. फ्रेंच पद्धतीत रीड टोकाकडे थोडीशीच तासलेली असते. ताब्युतो यांनी तासणी खूप खाली, जवळजवळ दोऱ्यापर्यंत नेली. आवाज गडद आणि गोल झाला. त्यांच्या शिष्यांनी तीच पद्धत अमेरिकाभर नेली. तिथला वादक आजही पॅरिसच्या वादकाची रीड उचलून पाहील, पण तिच्यावर मैफल वाजवायला सहसा धजणार नाही.

१६/ विज्ञानाने यात काय भर घातली? १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी क्लॅरिनेटच्या रीड्सचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. क्लॅरिनेटची रीड एकपाती असते, पण बोरू हाच. वादकांनी चांगल्या ठरवलेल्या रीड्समध्ये रसवाहिन्यांच्या पुंजांभोवती तंतूंची अखंड कडी अधिक आढळली. म्हणजे नखाला आणि कानाला जे जाणवत होते त्याला शरीर आहे. तरी वादकाच्या हातात येताना ती कडी दिसत नाही, नखच दाबावे लागते.

१७/ आज बोरूची टंचाई नाही. कॅलिफोर्नियात तर तो नद्यांचे काठ गिळणारी उपद्रवी वनस्पती ठरला आहे आणि तो उपटण्यासाठी सरकारी पैसा खर्च होतो. टंचाई आहे ती गाणाऱ्या बोरूची. त्याची लागवड आता अर्जेंटिनापासून चीनपर्यंत होते, आणि वारच्या किनाऱ्यावर बोरूच्या बेटांना पर्यटकांच्या घरांशी जागेसाठी झुंजावे लागते.

१८/ आणि कोपाइस? एकोणिसाव्या शतकात आधी एका फ्रेंच आणि मग एका ब्रिटिश कंपनीने कालवे खणून त्या तळ्याचे पाणी बाहेर काढायला घेतले. ते काम १९३१ पर्यंत चालले. जिथे दोन वर्षे पाणी टिकले तरच ऑलोसचा बोरू पिकत असे, तिथे आता सपाट, काळी, सुपीक शेतजमीन आहे.