एकाच नावाची दोन तारांकने : रेनॉ झोई, २०१३ आणि २०२१

पेशवे दफ्तरातील जमाखर्चात 'रुपया' हा शब्द आला म्हणजे तो कोणत्या टांकसाळीचा व कोणत्या सालचा, हे पाहिल्याखेरीज अभ्यासक त्याचे मोल ठरवीत नाही. मोटारींच्या अपघात-चाचणीत मिळणाऱ्या ताऱ्यांबाबत मात्र ही दक्षता क्वचितच घेतली जाते. 'पाच तारे' हा जणू कालातीत गुण आहे, अशा समजुतीने जाहिरात लिहिली जाते आणि ग्राहकही ती तशीच वाचतो. या समजुतीची चिकित्सा एका विजेवरील मोटारीच्या आधारे करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

फ्रान्समधील रेनॉ कंपनीच्या 'झोई' या लहान मोटारीस 'युरो एनकॅप' या संस्थेने २०१३ मध्ये पाच तारे दिले. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी ८९ टक्के, बालकांसाठी ८०, पादचाऱ्यांसाठी ६६ आणि सुरक्षा-सहाय्यक साधनांसाठी ८५ टक्के गुण होते. डिसेंबर २०२१ मध्ये सुधारित झोईचा निकाल जाहीर झाला. त्यात एकही तारा नव्हता. गुण अनुक्रमे ४३, ५२, ४१ आणि १४ टक्के. ही मोटार २०२० मध्ये युरोपात सर्वाधिक खपलेली विद्युत मोटार होती, आणि २००१ मध्ये 'लागुना'च्या रूपाने युरो एनकॅपचे पहिले पाच तारे मिळविणारी कंपनीही रेनॉच होती. निकालाने खळबळ उडाली यात नवल नाही.

मोटार आपल्या नियमांत बसते व चाचणीचे निकष उत्तरोत्तर कडक होत गेले, असा कंपनीच्या खुलाशाचा आशय होता. तो खोटा नाही. २०१३ मध्ये समोरील धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने स्थिर, दबणाऱ्या अडथळ्यावर होत असे. २०१५ मध्ये संपूर्ण रुंदीच्या कठीण अडथळ्यावरील चाचणीची भर पडली. २०१६ पासून मागील आसनांवर सहा व दहा वर्षांच्या मुलांच्या आकाराचे चाचणीपुतळे बसविले जाऊ लागले. २०२० मध्ये स्थिर अडथळ्याची जागा समोरून येणाऱ्या १४०० किलो वजनाच्या गाड्याने घेतली. (भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली ती समोरील धडकेसाठी जुन्या ६४ किलोमीटरच्या पद्धतीनेच, दोन्हीकडील तारे एका रकान्यात मांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

मापदंड किती सरकला याचा पुरावा दुसऱ्या एका मोटारीत सापडतो. निसान लीफला २०१२ मध्ये पाच तारे होते व २०१८ मधील नव्या पिढीच्या लीफलाही पाचच. तथापि सुरक्षा-सहाय्याचे तिचे गुण ८४ टक्क्यांवरून ७१ वर आले. नव्या लीफमध्ये आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा होती. म्हणजे साधने वाढली आणि गुण घटले. एकेकाळी ज्या साधनांवर गुण मिळत, त्यांपैकी घसरण रोखणारी स्थिरता-यंत्रणा २०१४ पासून युरोपात सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली होती. जे सर्वांपाशी आहे त्याचे वेगळे कौतुक होत नाही.

झोईचे १४ टक्के या दृष्टीने बव्हंशी समजू शकतात : जग पुढे गेले आणि मोटार जागेवर राहिली. परंतु एवढ्यावर थांबणे ही चिकित्सा नव्हे, वकिली ठरेल. युरो एनकॅपच्या अहवालातील एक नोंद निकषांच्या बदलाने स्पष्ट होत नाही. पूर्वीच्या झोईमध्ये आसनात बसविलेली बाजूची एअरबॅग डोके व छाती या दोहोंचे रक्षण करीत असे. सुधारित आवृत्तीत तिच्या जागी केवळ छातीपुरती एअरबॅग आली. खांबावर बाजूने आदळविण्याच्या चाचणीत चालकाच्या डोक्याचे संरक्षण निकृष्ट ठरले. येथे मोटार जागेवर राहिलेली नाही, ती मागे गेली आहे. वर्ष बदलले की वस्तू सुधारते, हे आपण किती सहज गृहीत धरतो!

दोन कारणे एकाच शून्यात मिसळली आहेत. तारांची बेरीज त्यांना वेगळे करू शकत नाही. ८९ व ४३ हे आकडेही नाहीत, कारण ते दोन निरनिराळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण आहेत. वेगळेपण कळते ते अवयवनिहाय नोंदींतून आणि साधनांच्या यादीतून, ज्या फारसे कोणी उघडत नाही.

झोईचे उत्पादन मार्च २०२४ मध्ये पॅरिसनजीकच्या फ्लां येथील कारखान्यात थांबले. वापरलेल्या मोटारींच्या बाजारात मात्र जुनी व सुधारित झोई शेजारी शेजारी उभ्या असतात. सुधारित मोटारीची किंमत अर्थातच अधिक असते.