स्त्रीधन, श्रेणि आणि बचत-गटांचें दप्तर

ग्रामीण स्त्रियांच्या बचत-गटांविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, तें बहुतेक अर्थशास्त्रज्ञांनीं व सरकारी खात्यांनीं लिहिलेलें आहे. पैसा राखणें व तो व्याजीं लावणें ही स्त्रियांस १९९० नंतर शिकविलेली विद्या होय, असें त्यांत सर्वत्र गृहीत धरलेलें आढळतें. इतिहासाच्या अभ्यासकानें हा समज तसाच पुढें जाऊं देणें योग्य नव्हे. या चळवळींत नवें असें कांहीं आहे खरें, परंतु तें बचत नव्हे. आणि जें नवें आहे तेंच जपून ठेवण्याकडे कोणाचें लक्ष नाहीं, असें आमचें म्हणणें आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षांतील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील, एक लेख आहे. शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी व गणपक विश्ववर्म्याची माता उपासिका विष्णुदत्ता हिनें त्रिरश्मि पर्वतावरील विहारांत राहणाऱ्या आजारी भिक्षूंच्या औषधांसाठीं अक्षयनीवि, म्हणजे मोडावयाची नाहीं अशी कायम ठेव, ठेविल्याची ही नोंद होय. ठेव एकाच ठिकाणीं नाहीं. कुलरिकांच्या श्रेणींत १००० कार्षापण, ओदयंत्रिकांच्या श्रेणींत २०००, आणि तेल गाळणाऱ्या तिलपिषकांकडेही कांहीं रक्कम, अशी ती विभागलेली आहे. कुलरिक म्हणजे कुंभार व ओदयंत्रिक म्हणजे पाण्याचीं यंत्रें करणारे, असें समजण्याकडे विद्वानांचा कल आहे. त्या वादांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. एक श्रेणि बुडाली तरी औषध बंद पडूं नये, ही दृष्टि मात्र लेखांत स्पष्ट दिसते. त्याच लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेंकडा एक व दुसरीकडे १००० कार्षापण शेंकडा पाऊण या दरानें ठेविलेले आहेत. त्यावरून या व्यवहाराची रीति समजते. विष्णुदत्ता अधिकाऱ्याच्या घरची, संपन्न बाई होती. तिच्यावरून खेड्यांतील मजूर स्त्रीची स्थिति ठरवितां येणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. तथापि स्वतःच्या नांवें श्रेणीशीं व्यवहार करणारी व त्याचा लेख दगडांत कोरविणारी स्त्री या भूमींत सतराशें वर्षांपूर्वी होती, एवढें तरी निर्विवाद ठरतें.

मजूर स्त्रीची स्थिति पाहावयाची तर धर्मशास्त्राकडे वळावें लागतें. स्त्रीधनाची थोरवी सांगणारे लोक कात्यायनाच्या एका वचनाकडे सहसा दुर्लक्ष करतात. शिल्पानें, म्हणजे आपल्या हातच्या कारागिरीनें, मिळविलेलें व परक्यानें प्रीतीनें दिलेलें जें धन, त्यावर पतीचें स्वामित्व असून उरलेलें तेवढें स्त्रीधन, असें तो सांगतो. माहेरचा दागिना तिचा. सूत कातून मिळालेला पैसा मात्र तिचा नव्हे! आणि दागिनाही दुष्काळांत, धर्मकार्यांत, रोगांत किंवा पति अडकून पडला असतां त्यानें घेतला, तर तो परत देणें त्यावर बंधनकारक नाहीं, असें याज्ञवल्क्य म्हणतो. कोरडवाहू प्रदेशांत दुष्काळ ठरल्यासारखा येतो. तेव्हां तेथील स्त्रीच्या दागिन्यांचें काय होत असेल तें निराळें सांगावयास नको.

ऋणाच्या बाबतींत मात्र हाच स्मृतिकार बारकाईनें पाहतो. कुटुंबासाठीं काढलेलें सोडून पतीचें किंवा पुत्राचें ऋण स्त्रीनें फेडूं नये. तिनें स्वतः पत्करलेलें, पतीबरोबर केलेलें किंवा एकटीनें केलेलें तेवढेंच फेडावें. शिवाय गवळी, मद्यविक्रेता, नट, परीट व व्याध यांच्या स्त्रियांनीं केलेलें ऋण त्यांच्या पतींनीं फेडावें, कारण त्या घरांची उपजीविकाच स्त्रियांवर अवलंबून असते. कोणत्या घरांत चूल कोणाच्या श्रमावर पेटते हें स्मृतिकारास ठाऊक होतें, हें यावरून उघड होतें. व्यवहारास लिखित, भुक्ति आणि साक्षी हीं तीन प्रमाणें सांगितलेलीं आहेत. आणि स्त्रियांच्या व्यवहारांत स्त्रियांनींच साक्षी व्हावें, असें मनूचें मत आहे. तेव्हां साक्षी होत्या, भुक्तीही थोडीफार होती. लिखित मात्र तिच्या हातीं नव्हतें.

मधल्या शतकांत गांवच्या पतीचा आधार जमीन हा होता. १८७५ सालीं सुप्यास कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा झाला. परंतु कर्ज सात-बाराच्या धन्यासच मिळावयाचें, आणि सात-बारावर स्त्रीचें नांव क्वचितच असावयाचें. १९९२ सालीं नाबार्डनें ५०० गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला, तेव्हां प्रथमच जमिनीचें तारण बाजूस ठेवून दहा-वीस स्त्रियांच्या परस्पर हमीवर बँक पैसा देऊं लागली. मनूच्या साक्षी येथें निराळ्या रूपानें परत आल्या, असें म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

माण तालुका अवर्षणाचा. तेथें म्हसवड गांवीं १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. संस्थापिका चेतना सिन्हा यांनीं जाहीर व्याख्यानांतून सांगितलेली हकीगत अशी : रस्त्याच्या कडेस राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईस पावसाळ्यापूर्वीं प्लॅस्टिकच्या आच्छादनासाठीं पैसे सांठवावयाचे होते, परंतु कोणतीही बँक तिचें खातें उघडीना. म्हणून बँक काढण्याचा अर्ज केला. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत या कारणास्तव रिझर्व्ह बँकेनें तो नाकारला. स्त्रिया लिहावयास शिकल्या. कांहीं महिन्यांनीं त्या अधिकाऱ्यांपुढें गेल्या व म्हणाल्या, आम्ही कोणत्याही मुद्दलाचें व्याज गणकयंत्रावांचून सांगूं, तुम्हीही सांगून पाहा. परवाना मिळाला. पावकी-निमकी शाळेंतून हद्दपार झाली म्हणून आमचे गणिताचे सहाध्यापक हळहळत असत. ती बाजाराच्या ओट्यावर जिवंत होती, हें त्यांस कोणी सांगावयास हवें होतें.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें आपल्या गटाचीं जुनीं पुस्तकें आम्हांस पाहावयास दिलीं. पहिल्या वर्षाचें इतिवृत्त कोणा शाळकरी मुलाच्या हातचें असून त्याखालीं अंगठे आहेत. तिसऱ्या वर्षापासून अक्षर बदलतें. ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नाहीं, परंतु बेरजेंत चूक नाहीं. व्याज दरमहा शेंकडा दोन. हें उषवदाताच्या दुप्पट झालें खरें, परंतु तें गटांतच राहून सर्वजणींत फिरतें. कर्जाच्या कारणाच्या रकान्यांत ‘शेळी’ हा शब्द इतक्या वेळां आला आहे कीं, त्या गांवांत माणसांस उभें राहावयास जागा उरली नसावी! एका नोंदीच्या समासांत दुसऱ्या हातानें पेन्सिलीनें खुलासा केलेला आहे : शेळी घेतलीच नाहीं, पैसे नवऱ्याच्या विहिरीवरील मोटारीस गेले.

हा समास आम्हांस सबंध पुस्तकाहून मोलाचा वाटला. रकाना पाहिला तर ऋण स्त्रीनें एकटीनें केलेलें ठरतें; समास पाहिला तर तें पतीचें ठरतें. फेडलें मात्र तिनेंच, तेंही कांदे निवडण्याच्या मजुरीवर, असें विद्यार्थिनीनें सांगितलें. बँकेच्या अहवालांत ही नोंद वेळेवर फिटलेलें स्त्रीचें कर्ज म्हणून गेली असणार, व तें खोटेंही नाहीं. आंध्र प्रदेशांत हप्त्यांच्या वसुलीचा जाच इतका वाढला कीं, ऑक्टोबर २०१० मध्यें सरकारास सूक्ष्म-कर्ज देणाऱ्या कंपन्यांविरुद्ध वटहुकूम काढावा लागला. तेथें शेजारणी साक्षी राहिल्या नव्हत्या; एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांवर बोजा पडत असल्यामुळें त्याच वसूलदार झाल्या होत्या. ऋण खरोखर कोणाचें, हा प्रश्न त्यांपैकीं कितीजणींच्या कागदांच्या समासांत कोणी लिहून ठेविला असेल?

गांवोगांवच्या सामान्य स्त्रियांनीं आपल्या पैशाविषयीं स्वहस्तें लिहिलेलीं इतकीं कागदपत्रें महाराष्ट्रांत पूर्वी कधीं निर्माण झालीं नव्हतीं. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरून मोडीचे रुमाल उतरविण्यांत आमचे सभासद आयुष्य वेंचीत आले आहेत. पण गटांचे हिशेब आतां यंत्रांत चढूं लागले असून जुनीं पुस्तकें रद्दीच्या भावानें जात आहेत. वरील गटाचीं पांच पुस्तकें तीन वर्षांपूर्वींच वाण्याकडे पुड्या बांधण्यास गेलीं. उरलेल्या चारांच्या प्रती आम्हीं गटाच्या ठरावानुसार, नांवें झांकून, करून घेतल्या आहेत. ज्या सभासदांस आपापल्या गांवीं अशीं पुस्तकें मिळतील त्यांनीं तीं मागून आणूं नयेत; तीं ज्यांचीं आहेत त्यांच्याकडेच असूं द्यावींत. प्रत मात्र करून घ्यावी, आणि ती करतांना समास कापूं नयेत.