'आजी'पासून 'तुंबाड'पर्यंत

* 'आजी' : नारायण धारप (१९२५–२००८) यांची भयकथा, स्टीफन किंग यांच्या 'ग्रामा' या कथेवर बेतलेली. 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ती प्रथम वाचली नाही, ऐकली : १९९३ साली, नागपूरच्या पूर्वेकडील नागझिऱ्याच्या जंगलात, मित्राच्या तोंडून. पुढे छापील कथा वाचल्यावर ती त्यांना तितकी भयाण वाटली नाही. म्हणून 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट पुस्तकाचं नव्हे, त्या कथनाचं रूपांतर मानावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भाऊ जखमी, आई त्याच्यासाठी बाहेर, घरात मुलगा आणि म्हातारी एवढीच दोघं, हा गाभा किंगपासून चालत आलेला. चित्रपटातलं 'हस्तर' हे नावही किंगच्या कथेतल्याच 'हास्तुर'वरून आलेलं. पण किंगच्या कथेत शेवटी म्हातारीच मुलाचा ताबा घेते. चित्रपटात तो मुलगा, विनायक, वाचतो आणि मोठेपणी सोन्यासाठी स्वतःच्या पायांनी तुंबाडच्या वाड्यात परततो. तेव्हा म्हातारीच्या देहातून झाड उगवलेलं असतं, तरी ती बोलते. भीतीचं मूळ असं म्हातारीकडून माणसाच्या हावेकडे सरकतं. चित्रपटाचं नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं. कथानकाचा त्या कादंबरीशी संबंध नाही. — संपा.