सरहद्द भांडुपला असती तर?

इतिहासात जर-तरला जागा नसते, असे म्हणतात. पण काही जर-तर सरकारी घोषणेपर्यंत पोहोचलेले असतात, त्यांची दखल घ्यावीच लागते.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले. पुढच्या काही दिवसांत शहरात गोळीबार होऊन अनेक माणसे मृत्युमुखी पडली. जूनमध्ये त्या निर्णयाला मुदत जोडण्यात आली: पाच वर्षे केंद्राचा कारभार, मग लोकांचा कौल. वरवर पाहता ही तडजोड वाजवी दिसते.

आता घाटकोपरकडे पाहा. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द भांडुपपर्यंत सरकली. मुलुंड त्या हद्दीत आले ते १९५७ साली. हीच रेषा राज्याची सीमा ठरली असती, तर मराठी-गुजराती शेजाराचे घाटकोपर दिल्लीच्या अखत्यारीत आणि त्याच लोहमार्गावरचे मुलुंड महाराष्ट्रात गेले असते. कामावर जाणारा माणूस रोज सरहद्द ओलांडता.

पाच वर्षांनी ती पुसली गेली असती का? येथे आयर्लंड आठवते. १९२० च्या कायद्याने त्या बेटाची फाळणी केली. बेलफास्टसारखे उद्योगसंपन्न शहर असलेल्या ईशान्येकडील सहा काउंटी वेगळ्या झाल्या. १९२१ च्या करारात सीमा आयोगाचे आश्वासन होते. १९२५ च्या अखेरीस आयोगाचा अहवाल बासनात गेला आणि रेषा होती तेथेच राहिली, ती आजतागायत. तुलना ताणू नये. तेथे धर्माची तेढ होती आणि उत्तरेतील बहुसंख्यांना ती फाळणी हवी होती. तरी रेषेचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच. ती आखली की तिच्या आधाराने कचेऱ्या, पदे आणि हितसंबंध उभे राहतात, मग ती पुसू पाहणाराच बंडखोर ठरतो.

इतके दूर जायचे नसेल, तर चंडीगढ पाहा. १९६६ पासून ते केंद्रशासित आहे आणि पंजाब व हरियाणा या दोघांचीही राजधानी.

मुंबईवरील तो प्रसंग टळला. जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला, ऑगस्टमध्ये संसदेने द्वैभाषिक राज्याचा पर्याय स्वीकारला. तो पर्यायही कोणाला मनापासून रुचला नव्हता. १ मे १९६० रोजी तोही संपला. पण त्या साडेतीन वर्षांत मुंबई राज्याबाहेर गेली नव्हती, आणि १९६० साली ती महाराष्ट्रात राहणे त्यामुळेच सोपे झाले, असे मला वाटते. १९६१ च्या कौलाची वाट पाहावी लागली असती, तर मी तरी त्या कौलावर भरवसा ठेवला नसता.