पर्युषणातली कसोटी

१९७१ सालची ओव्हलची कसोटी क्रिकेटच्या पुस्तकांत मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. इंग्लंडमध्ये भारताने जिंकलेला तो पहिला कसोटी सामना, आणि त्याच विजयाने मालिकाही आपली झाली. १९३२ पासून आपण तिथे कसोटी खेळत होतो. १९५९ साली पाचही सामने हरलो, १९६७ साली तिन्ही. आमच्या पांढुर्ण्याच्या घरात मात्र हा सामना पंचांगावरूनच सांगितला जातो. कारण त्या वर्षी ओव्हलची कसोटी नेमकी पर्युषणात आली होती.

पांढुर्णा आणि सौंसर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले. नागपूर पलीकडे गेलं. बोलणं मराठी, सोयरीक विदर्भात, संत्र्यांची बाजारपेठ नागपूरची, तशी क्रिकेटची ओढही तिकडचीच. दूरदर्शन तेव्हा दिल्लीबाहेर नव्हतं. धावा कळायच्या त्या रेडिओवरून, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून. आणि पर्युषणाचे आठ दिवस आमच्या घरचा रेडिओ बंद. त्यावर कापड टाकून ठेवायचे. करमणूक नको, मन धर्मात लागावं, एवढाच हेतू.

पण कान कसे बंद करणार? घरातले मोठे दीर तेव्हा कॉलेजात होते. ते आजही हसून सांगतात, "ऐकणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं." कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर ट्रान्झिस्टर असायचा. इंग्लंडचा खेळ आपल्याकडे दुपारी चारला सुरू व्हायचा. शॉर्टवेव्हवर लंडन लागायचं, मधेच विरायचं, पुन्हा यायचं. इंग्रजी सगळ्यांना कळत नसे, पण वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर ही नावं कळायची. आमच्या घरची मुलं ठेल्यासमोरून उगाच दोनदा जायची आणि थांबायची नाहीत. थांबलं की ते ऐकणं झालं!

१९ ऑगस्टला, गुरुवारी, इंग्लंडने ३५५ धावा केल्या आणि त्याच दिवशी त्यांचा डाव आटोपला. २० तारखेला पोळा. इकडे बैल सजले, तिकडे पावसाने एक चेंडूही पडला नाही. २१ तारखेला आमच्या जांब नदीवर गोटमार.

गोटमारीबद्दल बाहेरच्यांना सांगायला हवं. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झेंड्यासाठी दोन्हीकडून दगड चालतात. डोकी फुटतात, कधी जीवही जातो. जैन घरांना हा दिवस फार जड. पर्युषणात तर अधिकच. बायका खिडक्या लावून घरात बसायच्या. त्या संध्याकाळी कोणी विचारलं, "काय झालं?" तर उत्तर देणाऱ्याला आधी विचारावं लागे, "कुठलं? नदीवरचं की लंडनचं?" नदीवर किती जखमी आणि ओव्हलवर किती बाद, दोन्ही आकडे एकाच तोंडून यायचे. भारत ७ बाद २३४ होता.

रविवारी खेळाला सुट्टी. सोमवारी आपला डाव २८४ वर संपला आणि मग चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले. इंग्लंड सर्वबाद १०१. विजयाला १७३ हवे होते आणि रात्री २ बाद ७६ झाले होते. उरल्या ९७ धावा.

आणि मंगळवार, २४ ऑगस्ट. घराघरात गणपती बसले. ओव्हलवरही आपल्या लोकांनी चतुर्थी म्हणून प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणली होती. आम्हा मूर्तिपूजक श्वेतांबरांची तीच संवत्सरी. वर्षातलं सगळ्यात मोठं प्रतिक्रमण. दुपारनंतर उपाश्रयात बसायचं आणि अंधार पडल्यावर उठायचं. वाडेकर आदल्या दिवशीच्या ४५ वरच धावबाद झाला, ही बातमी तिथवर पोचलीच. ती कोणी आणली, हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही.

मला या गोष्टीत क्रिकेटपेक्षा त्या बसण्याचं कौतुक वाटतं. चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींची क्षमा मागायची आणि मनात मात्र, सरदेसाई टिकला का? उपवासाने पोट रिकामं, कान बाहेर. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सगळं दिसत होतं, पण कोणी रागावलं नाही. मन भरकटतं म्हणूनच तर प्रतिक्रमण, म्हणजे परत फिरणं. शेजारच्या गणपतीवाल्यांनीही रेडिओचा आवाज वाढवून आमची परीक्षा पाहिली नाही. जिंकल्यावर फटाके लावायचे, ते आमचं प्रतिक्रमण आटोपेपर्यंत त्यांनी राखून ठेवले. तीन दिवसांपूर्वी जिथे दोन काठ एकमेकांवर दगड टाकत होते, त्याच गावात हे झालं.

आबिद अलीच्या चौकाराने सामना संपला तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होऊन गेली होती. चार गडी राखून विजय. खुद्द वाडेकर तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये झोपला होता, त्याला उठवून सांगावं लागलं. आमच्या लोकांनाही उशिराच कळलं. उपाश्रयाच्या पायऱ्या उतरताना रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांना हात जोडले, मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, लहानांनी मोठ्यांना, मोठ्यांनी लहानांना. ते पुरतं झाल्यावरच दिरांनी पानठेलेवाल्याला हाक मारली, "काहो भाऊ, किती विकेटनी?"