बाकांचा भाडेपट्टा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, न्यूयॉर्कला लागून असलेल्या ब्रुकलिन शहरी, जानेवारी महिना आला की प्लिमथ चर्चच्या उपासनामंदिरात एका सायंकाळी लिलाव भरत असे, आणि त्यात बोली लागे ती त्याच मंदिरातील बसण्याच्या बाकांवर. प्रत्येक बाकाचे वार्षिक भाडे विश्वस्तांनी आगाऊ मुक्रर केलेले असे. चढाओढ चाले ती त्यावरच्या अधिक रकमेची, म्हणजे मनाजोगते बाक इतरांच्या आधी निवडण्याच्या हक्काची. हेन्री वॉर्ड बीचर या विख्यात पाळकाची मुद्रा जेथून नीट न्याहाळता येई आणि त्याचा शब्द न् शब्द कानी पडे, अशा जागा सधन व्यापारी भारी बोलीने उचलीत. १८७० नंतरच्या दशकात या मार्गाने कित्येक वर्षी पन्नास हजार डॉलरांहून अधिक वसूल होई. रविवारी हे भाडेकरू स्थानापन्न होईपर्यंत परके श्रोते दाराशी तिष्ठत राहत, आणि उपासनेची घटका अगदी जवळ आली म्हणजे उरल्यासुरल्या जागा त्यांच्या वाट्याला येत.

हे वाचून त्या मंडळीला धनलोभी ठरवण्याची घाई कोणी करू नये. याच सभागृहात ५ फेब्रुवारी १८६० रोजी बीचरने पिंकी नावाची नऊ वर्षांची एक गुलाम मुलगी व्यासपीठावर उभी केली आणि तिच्या मुक्ततेसाठी लागणारी नऊशे डॉलरांची रक्कम जमलेल्या लोकांकडे मागितली. तबके फिरली, रक्कम पुरी झाली, आणि कोणा बाईने तबकात टाकलेली अंगठी बीचरने त्या मुलीच्या बोटात घालून तिला स्वातंत्र्याची खूण म्हणून दिली. जागांचा लिलाव आणि जिवाची सोडवणूक ही दोन्ही कृत्ये एकाच छपराखाली, एकाच मंडळीच्या हातून, सारख्याच शुद्ध बुद्धीने घडली, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या काळाचा न्यायनिवाडा करता येणार नाही.

बाके भाड्याने देण्याच्या या चालीचे मूळ पुष्कळ जुने आहे. मध्ययुगीन युरोपातील मंदिरांत भाविक बहुधा उभेच असत किंवा गुडघे टेकीत. बाके हळूहळू आली, आणि धर्मसुधारणेनंतर उपासनेत दीर्घ प्रवचनाला अग्रस्थान मिळाल्यावर ती सर्वत्र झाली. इंग्लंडातील सुखवस्तू कुटुंबांनी तर बाकाभोवती लाकडी कठडे घालून त्यांना दारे आणि कुलपेही बसवली. लंडनच्या सॅम्युएल पेपिसच्या रोजनिशीत १६६१ सालच्या नाताळातील नोंद आहे, की सेवकाने दार उघडले नव्हते म्हणून त्याला स्वतःच्याच बाकाबाहेर खोळंबून राहावे लागले. अटलांटिकपलीकडे न्यू इंग्लंडच्या वसाहतींत कोणी कोठे बसावे हे गावाने नेमलेली समिती वय, हुद्दा व मालमत्ता पाहून ठरवी, आणि पाळकाचे वेतन करातून निघे. हा धर्मकर कनेक्टिकटमध्ये १८१८ साली व मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ साली कायमचा उठला. सरकारी सक्ती गेली ही गोष्ट मी मोठ्या मोलाची मानतो. परंतु पाळकाचे पोट आणि मंदिराची डागडुजी यांचा खर्च आता कोठून यावा, या प्रश्नाला बहुतेक मंडळ्यांनी एकच उत्तर शोधले, आणि ते म्हणजे बाकांची विक्री व भाडे.

बाक विकत घेणाऱ्याला रीतसर दस्तऐवज मिळे. आपल्याकडे जसे वतन, तसे ते बाक बापाकडून मुलाकडे जाई, गहाण पडे, पुन्हा विकलेही जाई. पैसे भरण्यातून मिळणारा हक्क केवळ बाकापुरताही राहिला नाही. डेडहॅम गावाच्या वादात १८२० साली, म्हणजे धर्मकर अजून चालू असताना, मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की पाळक निवडण्याचा व मंदिराच्या मालमत्तेचा अधिकार प्रभुभोजनात सहभागी होणाऱ्या सभासदांचा नसून कर भरणाऱ्या समग्र पॅरिशचा, म्हणजे धर्मक्षेत्राचा, आहे. ज्यांनी विश्वासाची जाहीर कबुली दिली होती ते अल्पसंख्य ठरले, आणि ज्यांनी केवळ रक्कम दिली होती त्यांचे मत निर्णायक झाले. हा निकाल लागताच कित्येक गावांतील जुने सभासद मंदिर, जमीन आणि प्रभुभोजनाची चांदीची पात्रेसुद्धा मागे ठेवून बाहेर पडले.

माझ्या मते या सर्व व्यवहाराचा खरा परिणाम जमाखर्चाच्या वहीत सापडत नाही. तो माणसांच्या मनोवृत्तीत पाहिला पाहिजे. जो भाडे भरतो तो भाड्याचा मोबदला मोजू लागतो. पाळकाची वाणी रसाळ असेल तर बोली चढते, ती मंदावली तर उतरते. आणि विश्वस्तांना त्या आकड्यातच आपल्या पाळकाची योग्यता दिसू लागते. एखादे कठोर सत्य व्यासपीठावरून उच्चारताना समोरच्या रांगेतील कोणता गृहस्थ पुढच्या वर्षी बाक सोडील, हा विचार पाळकाच्या मनाला शिवत नसेल असे कोण म्हणेल? शिवाय ऐपत नसलेल्यांना मागची बाके व सज्जे तेवढे मोकळे राहत. सोन्याची अंगठी घातलेल्यास चांगली जागा आणि दरिद्र्यास पायाशी जागा देणाऱ्यांची याकोबाच्या पत्राने स्पष्ट शब्दांत निर्भर्त्सना केली आहे, आणि ते पत्र याच मंदिरांतून वाचले जात होते. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲब्सलम जोन्स या कृष्णवर्णीय गृहस्थाला प्रार्थना चालू असताना, गुडघ्यांवर असतानाच, ‘तुमची जागा ही नव्हे’ म्हणून ओढून उठवण्यात आले. तो आणि रिचर्ड ॲलन आपल्या माणसांसह बाहेर पडले, आणि १७९४ साली ॲलनने बेथेल चर्च उभे केले.

भाड्याविरुद्ध चळवळ झालीच नाही असे नाही. आर्थर व लुईस टॅपन या रेशीमव्यापारी बंधूंनी न्यूयॉर्कात विनामूल्य बाकांच्या मंडळ्या स्थापन केल्या, आणि १८३२ साली चार्ल्स फिनी या प्रवचनकारासाठी चॅथम स्ट्रीटवरील एक नाटकगृह भाड्याने घेऊन त्याचे उपासनागृह केले. पण शेकडो भाडेकरूंचा भार येथे एकदोन धनिकांच्या शिरावर आला होता. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात टॅपन यांची पेढी बुडाली आणि चळवळीचा कणाच मोडला. इंग्लंडात पार्लमेंटाने १८१८ साली नव्या मंदिरांसाठी दहा लक्ष पौंड मंजूर करताना निदान एकपंचमांश जागा मोफत असाव्यात अशी अट घातली. तरीही ३० मार्च १८५१ च्या धार्मिक गणतीवरील आपल्या अहवालात होरेस मॅनला लिहावे लागले, की भाड्याची व मोफत जागांची ही विभागणी कामकरी वर्गाला मंदिरापासून दूर ठेवणाऱ्या कारणांपैकी एक आहे.

न्यू इंग्लंडच्या ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांत ही बाके भाड्याने जात, त्यांच्याच देणग्यांवर मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरले आणि पुढे अहमदनगरचे मराठी मिशन उभे राहिले. येथे खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळी जमिनीवर बसे. बाकच नव्हते, मग भाडे कोठले? परंतु पाळकाचे वेतन, शाळा, दवाखाना हे सारे समुद्रापलीकडून येत असल्यामुळे मंडळी म्हणजे काहीतरी देणारी संस्था आणि आपण घेणारे, हा ग्रह निराळ्या वाटेने येथेही रुजला. १९१७ साली नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ आरंभिला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र स्थान दिले, त्यामागे या परावलंबनाविषयीची त्यांची तळमळ होती. दोन वर्षांतच ते निवर्तले, ही मराठी ख्रिस्ती समाजाची फार मोठी हानी होय.

अमेरिकेतील भाडेपद्धती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुतेक ठिकाणी मावळली. तिच्या जागी साप्ताहिक देणगीचे पाकीट आले. बाकावरचे नाव पुसले गेले, पण मोबदला मोजण्याची सवय गेली नाही. उलट, एका बाकाला बांधलेला मनुष्य आता सर्व शहरातील मंदिरे पारखून पाहण्यास मोकळा झाला. १९५५ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट शुलर या पाळकाने मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे एक मैदान भाड्याने घेतले, उपाहारगृहाच्या छपरावरून प्रवचने केली आणि लोकांना आपापल्या मोटारीतच बसून ऐकण्यास बोलावले. मंडळीत काय असावे हे त्याने घरोघर जाऊन विचारले होते. १९७५ साली शिकागोजवळ एका चित्रपटगृहात सुरू झालेल्या विलो क्रीक मंडळीच्या संस्थापकांनीही तसाच घरोघर फिरून लोकांना मंदिर का नकोसे झाले याचा तपास केला, आणि उत्तरे ध्यानात घेऊन संगीत, नाट्य व प्रवचन यांची आखणी केली. हजारो लोक आले. २००७ साली त्याच मंडळीने आपल्या सभासदांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा असे आढळले की उपक्रमांतील वाढत्या हजेरीबरोबर लोकांची ईश्वरभक्ती वाढत नव्हती, आणि दीर्घकाळ आलेल्यांपैकी कित्येकजण असमाधानी होते. चालकांनी ते निष्कर्ष झाकून ठेवले नाहीत. लोकांना घरी स्वतः शास्त्र वाचण्यास व स्वतः आपली उपासना चालवण्यास आम्ही प्रारंभापासून शिकवावयास हवे होते, असे त्यांनी उघडपणे मान्य केले.